पाठीशी घालणं आणि पाठीशी उभं राहणं

प्रस्तावना

माझ्या थोरल्या भावाच्या कारखान्यात फोन करून ‘त्याला ताप आहे’ असं मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आई शेजारी उभी राहून हळू आवाजात शब्द पुरवत होती. रात्रीची उतरली नव्हती म्हणून दादा आतल्या खोलीत पडून होता. पुढं हे नेहमीचंच झालं. कधी ताप, कधी कावीळ, एकदा तर हयात असलेल्या मावशीच्या अंत्यविधीचं कारण आम्ही दिलं. किराणा दुकानातली, दारूच्या दुकानातली आणि मित्रांची उधारी वडील आपल्या पगारातून भागवत. रविवारी चर्चच्या आवारात कुणी दादाची चौकशी केली, तर ‘सेकंड शिफ्ट आहे’ हे उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. घरी रोज कौटुंबिक प्रार्थना होत असे. तिच्यात दादाचं नाव असे. दारू हा शब्द मात्र कधी नसे.

हे सगळं आम्ही प्रेमापोटी केलं. त्या प्रेमाबद्दल मला आजही शंका नाही. पण त्या आठ वर्षांचा हिशेब मांडायला बसलो की दिसतं ते असं: आम्ही दादाची नोकरी टिकवली, त्याची अब्रू टिकवली, आणि त्याबरोबर त्याची दारूही टिकवली.

ही पुस्तिका त्या आठ वर्षांतून आली आहे, आणि आमच्यासारख्या इतर घरांच्या तशाच वर्षांतून. आमच्या मंडळीत शनिवारी संध्याकाळी व्यसनी माणसांच्या घरचे लोक एकत्र बसतात. आया असतात, बायका असतात, भाऊ असतात, क्वचित एखादी कॉलेजात जाणारी मुलगी असते. तिथे पुन्हा पुन्हा निघालेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पैसे द्यावेत का? दार उघडावं का? पोलिसांना कळवलं तर पाप लागेल का? या सगळ्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे. प्रेम करा, क्षमा करा, एकमेकांची ओझी वाहा, हे ज्यानं लहानपणापासून ऐकलं, त्यानं आपल्याच माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं?

आपल्या मराठीनं या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. आपण एखाद्याला पाठीशी घालतो, आणि एखाद्याच्या पाठीशी उभे राहतो. शब्द जवळजवळ तेच, पण उभं राहण्याची जागा निराळी. पाठीशी घालताना आपण त्याच्या पुढं येतो. मालक, सावकार, शेजारी, पोलीस, सगळ्यांना आपणच तोंड देतो आणि तो आपल्या मागं दडून राहतो. पाठीशी उभं राहताना तो पुढं असतो. आपल्या कृत्याचं उत्तर तो स्वतः देतो, आणि त्याचा तोल गेला तर धरायला आपण मागं असतो. या पुस्तिकेतलं प्रत्येक पान या दोन जागांमधल्या फरकाविषयी आहे.

पाठीशी घातल्यानं व्यसन का वाढतं, हे समजायला अवघड नाही. दारूचा आराम लगेच मिळतो. तिची किंमत उशिरा येते. कापलेला पगार, मालकाची नोटीस, पोराच्या डोळ्यांतली भीती, यकृताची तक्रार हे सगळं मागाहून येतं. व्यसन जडलेला मेंदू आधीच लगेचच्या आरामाकडे झुकलेला असतो. त्यात ती मागाहून येणारी किंमतही घरच्यांनी परस्पर चुकती केली, तर त्याच्या हिशेबात दारू फुकटच राहते. मग त्यानं ती का सोडावी?

ख्रिस्ती घरांत याच्या जोडीला आणखी एक वाद असतो: व्यसन हे पाप की आजार? पाप म्हणणारे पश्चात्तापाची हाक देऊन थांबतात. आजार म्हणणारे कधीकधी त्या माणसाला कशाचाच जाब विचारत नाहीत. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं दारूचं व्यसन हा आजार असल्याचं 1956 साली मान्य केलं. आज जगभरचं वैद्यकशास्त्र तेच सांगतं. हा आजार कुणाला जडेल यात रक्ताचा, परिस्थितीचा, लहानपणीच्या जखमांचा वाटा असतो, आणि म्हणून आपल्याला दोष द्यायची घाई करता येत नाही. पण औषध घेणं, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाणं, खरं बोलणं हे त्या माणसाच्याच हातात आहे. ती जबाबदारी काढून घेतली, तर त्याच्या बरं होण्याची वाटही आपणच काढून घेतो. आजार म्हटल्यानं दया येते आणि जबाबदारी म्हटल्यानं आशा येते. आपल्याला दोन्ही हव्या आहेत.

आता शास्त्राकडे वळतो, कारण आमच्या घरात शास्त्राचाच आधार घेऊन आम्ही चुकलो होतो. प्रीती पापांची रास झाकते, असं पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. आई हे वचन फार मानायची. पण पेत्र तिथं ज्या झाकण्याविषयी बोलतो, ते क्षमेचं झाकणं आहे; दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर मांडून त्याला खाली न पाडणं, एवढा त्याचा अर्थ. चालू असलेल्या नाशावर घातलेलं पांघरूण निराळं. जखम धुऊन बांधली तर ती भरते, न धुता झाकली तर चिघळते.

ओझ्यांचंही तसंच. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर लगेच पाचव्या वचनात म्हणतो की प्रत्येकानं आपला भार आपण वाहावा. वरवर पाहता ही विसंगती वाटते. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे चिरडून टाकणारं वजन. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे ज्याचं त्यानं नेमून दिल्याप्रमाणं वाहायचं ओझं. दारू सोडताना येणारे झटके, रात्रीची भीती, उपचाराचा खर्च, एकटेपणा हे बारोस आहे. तिथं खांदा द्यायलाच हवा. मालकाला केलेला फोन, मित्राची उधारी, बायकोची मागायची माफी हे त्याचं फोर्तिओन आहे. ते आम्ही आठ वर्षं वाहिलं आणि स्वतःला भले समजत राहिलो.

पण सगळ्यांत जास्त मी थांबलो आहे लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायापाशी. उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतो. त्यातला बाप दूरदेशी पैसे पाठवत नाही. मुलगा डुकरं राखतो, त्यांच्या शेंगांवर त्याची नजर जाते, त्याला कुणी काही देत नाही, आणि त्यानंतर लगेच तो शुद्धीवर येतो. ही क्रमवारी लूकानं सहज लिहिलेली नाही. त्या दिवसांत बापानं एक भाकरीची चवड डुकरांच्या वाड्यापर्यंत पोहोचवली असती, तर मुलगा पोटभर जेवून तिथंच राहिला असता. तरी बाप कठोर नव्हता. मुलगा दूर असतानाच त्यानं त्याला पाहिलं, म्हणजे त्याची नजर वाटेवर होती. आणि पाहताक्षणी म्हातारा धावला.

इथवर बहुतेक उपदेशक येतात. पण त्याच अध्यायात या दाखल्याच्या आधी आणखी दोन आहेत. हरवलेलं मेंढरू मेंढपाळ रानात जाऊन शोधतो आणि खांद्यावर घालून आणतो. हरवलेलं नाणं बाई दिवा लावून, घर झाडून शोधते. मेंढरासाठी आणि नाण्यासाठी शोधाशोध, आणि मुलासाठी फक्त वाट पाहणं, असं का? मला याचं उत्तर असं दिसतं: मेंढराला परतीची वाट कळत नाही, नाण्याला तर पायच नाहीत. मुलाला मात्र वाट ठाऊक आहे आणि पायही आहेत.

व्यसनी माणसात मेंढरू आणि मुलगा हे दोघेही राहतात. बेशुद्ध पडलेला, झटके आलेला, जीव द्यायची भाषा करणारा माणूस मेंढरू आहे. त्याला विचारत बसू नये, उचलून दवाखान्यात न्यावं. तोच माणूस दुसऱ्या दिवशी शुद्धीत ‘शेवटचे पाचशे दे’ म्हणतो तेव्हा तो मुलगा आहे, आणि तिथं देण्यासारखं आपल्याजवळ काही नाही. घरच्यांचं अर्धं शहाणपण म्हणजे या घटकेला समोर कोण आहे हे ओळखणं. आपण बहुधा उलट करतो. शुद्धीतल्या मुलाला खांद्यावर घेतो, आणि रानात पडलेल्या मेंढराला ‘स्वतःच्या कर्मानं पडला’ म्हणून सोडून देतो.

मदतीची रीतही शास्त्रात आहे. चांगल्या शोमरोन्यानं जखमी माणसाच्या हातात पैसे ठेवले नाहीत. त्यानं जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणलं, आणि दोन दिनार दिले ते उतारशाळेच्या रखवालदाराला. आणखी खर्च आला तर परतल्यावर देईन म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. उपचाराचे पैसे थेट दवाखान्याला, मुलांची फी थेट शाळेला, किराणा माल घरी, हा धडा दोन हजार वर्षं जुना आहे. कर्जाविषयी विचाराल, तर पौलानं अनेसिमाचं देणं आपल्या नावावर मांडायला फिलेमोनाला लिहिलं. पण अनेसिम तेव्हा पळत नव्हता. तो परत निघाला होता, आणि धन्यासमोर उभं राहायला स्वतः जाणार होता. देणं फेडण्याआधी पावलं कुणीकडे वळली आहेत ते पाहावं.

मंडळीचा या कामाशी संबंध जुना आहे. 1935 साली न्यू यॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर दलाल धंद्यातल्या अपयशानंतर ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी हॉटेलात अडकला होता. दारू सोडून त्याला काहीच महिने झाले होते आणि बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्यानं तिथल्या चर्चच्या यादीतून एका पाळकाला फोन लावला आणि आपल्यासारखाच एखादा दारूत बुडालेला माणूस भेटेल का, असं विचारलं. त्या फोनामुळे त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्म झाला. पुढं बिलची पत्नी लोइस हिला कळलं की इतकी वर्षं नवऱ्याला सुधारण्यातच तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. तो मीटिंगला निघाला तेव्हा रागानं तिनं त्याच्या अंगावर बूट फेकला. ज्या कामासाठी ती जगली ते दुसऱ्यांनी केलं होतं, आणि तिच्याजवळ स्वतःचं असं काहीच उरलं नव्हतं. 1951 साली तिनं घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन सुरू केलं, ते याच जाणिवेतून. आमच्या शनिवारच्या बैठकीतल्या किती आया मला लोइससारख्या दिसतात.

आपल्याकडे फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्याला कृपा फाउंडेशन उभं केलं आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाला अय्यंगार योगाची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं. त्याच्या उभारणीत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा मोठा हात होता. मुक्तांगण ख्रिस्ती संस्था नाही, पण व्यसनी माणसाला मान देऊन वागवायचं आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घ्यायचं, हे महाराष्ट्र ज्यांच्याकडून शिकला त्यांत ती आहे, आणि आम्हीही तिथून शिकलो.

एका गैरसमजाबद्दल इथंच बोलायला हवं. ‘पार तळाला गेल्याशिवाय तो सुधारणार नाही’ असं म्हणून पुष्कळ लोक हात झटकतात. हा समज मोडायला निघालेल्यांत व्हर्नन जॉन्सन नावाचे एक अमेरिकन एपिस्कोपल धर्मगुरू होते, स्वतः दारूतून बाहेर पडलेले. तळ येण्याची वाट का पाहायची, तळच वर आणता येतो, असं ते म्हणत. त्यासाठी घरच्यांनी आणि जवळच्यांनी एकत्र बसून त्या माणसाला सगळं समोरासमोर सांगायची पद्धत त्यांनी रूढ केली. पुढं रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांना शिकवायची आणखी सौम्य पद्धत घडवली. माणूस न पिता घरी असेल तेव्हा त्याच्याशी गोडीनं वागावं, जेवण आवडीचं करावं, सोबत फिरायला जावं. प्यायला लागला की भांडण न करता बाजूला व्हावं. त्यानं केलेला गोंधळ त्याला निस्तरू द्यावा. आणि उपचाराची सोय आधी करून ठेवावी, म्हणजे तो ‘हो’ म्हणेल त्या घटकेला वेळ जाणार नाही. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या पद्धतीनं शिकलेल्या घरांपैकी 64 टक्के घरांतला माणूस उपचाराला आला. जॉन्सन पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होतं, आणि घरच्यांना फक्त अल्-अ‍ॅनॉनच्या वाटेनं नेलं तिथं 13 टक्के. अल्-अ‍ॅनॉन घरच्यांच्या स्वतःच्या शांतीसाठी आहे, म्हणून त्याचं मोल या आकड्यानं कमी होत नाही. पण पाठीशी घालणं सोडल्यावर रागावणं आणि तोडून टाकणं एवढंच उरतं असं नाही, हे या अभ्यासानं दाखवून दिलं.

काही गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत, त्या प्रस्तावनेतच सांगतो. कारण कुणी पुस्तिका पुढं वाचेल, कुणी वाचणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला ‘आजपासून बंद, शपथ घे’ म्हणून घरात कोंडू नका. अचानक बंद केल्यावर हातपाय थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात. या अवस्थेत माणसं दगावतात. प्रार्थना जरूर करा, पण दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरी गोष्ट: डायसल्फिरामसारखं औषध चहात किंवा आमटीत त्याच्या नकळत घालू नका. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध समजून-उमजून घ्यायचं असतं. शिवाय चोरून दिलेल्या औषधानं तुमच्यावरचा त्याचा विश्वासही मरतो, आणि पुढच्या उपचाराला तोच तर लागणार आहे.

तिसरी गोष्ट माझ्या फार जिव्हारी लागलेली आहे. मार खाल्लेली बाई पाळकाकडे येते आणि तिला ‘सहन कर, प्रार्थना कर, देव त्याला बदलेल’ असं सांगून परत पाठवलं जातं, हे मी पाहिलं आहे. हे सांगणाऱ्यांनी तिचं ओझं वाहिलं नाही, वाढवलं. क्षमा करणं हे तिच्या आणि देवाच्या मधलं आहे, आणि तिला वेळ लागला तरी चालेल. त्याच घरात राहून मार खाणं हा क्षमेचा भाग नाही. क्षमा देता येते. विश्वास मात्र दुसऱ्यानं दिवसेंदिवस कमवावा लागतो. ती आणि मुलं सुरक्षित झाली की मग बाकीचं बोलू. 112 आणि महिलांसाठीचा 181 हे क्रमांक प्रत्येक चर्चच्या फलकावर असायला हवेत, आणि त्यांच्याशेजारी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446.

हे फलकावर का हवं, ते एका आकड्यानं कळेल. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’नं केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या सुमारे 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस कुठे असतात? आपल्या घरी, आतल्या खोलीत, आपण दिलेल्या तापाच्या कारणाआड.

मंडळीनं काय करावं यावर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यातल्या दोनच गोष्टी इथं सांगतो. नुकत्याच सोडलेल्या माणसाला साक्ष द्यायला व्यासपीठावर उभं करायची घाई करू नका. तीन आठवड्यांनी दिलेली साक्ष चौथ्या आठवड्यात पुन्हा प्यायल्यावर त्याच्या गळ्यातला धोंडा होते. मग लाजेनं तो चर्चचं तोंड पाहत नाही. त्याला खुर्च्या मांडू द्या, पेटीवर साथ करू द्या, चार लोकांत साधा माणूस म्हणून वावरू द्या. आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यात वाइन असेल, तर न आंबवलेल्या द्राक्षरसाची सोय करा. कॅथोलिक बांधवांना केवळ पवित्र भाकरीच्या रूपात ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची मोकळीक आहेच. त्यावरून शेजारच्यानं कुणाकडे वळून पाहू नये, एवढं तरी आपल्याला जमावं.

पुस्तिकेचा पहिला भाग आजार समजून घेण्याविषयी आहे, दुसरा घरच्यांसाठी, तिसरा मुलांसाठी, चौथा पाळक आणि वडीलजनांसाठी. शेवटी बैठकीत सांगितलेले अनुभव नावं आणि खुणा बदलून दिले आहेत. घाईत असाल तर दुसऱ्या भागापासून वाचा.

आता दादाचं राहिलं. नवव्या वर्षी एका संध्याकाळी वडिलांनी त्याला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, “आजपासून उधारी तू फेडायची, कारखान्यात फोन तू करायचा. पैसे मिळणार नाहीत. जेवण मिळेल, आणि दवाखान्यात जायचं असलं तर रात्री दोन वाजता उठव.” आई आत जाऊन रडली. पुढचे चार महिने फार वाईट गेले. नोकरी गेली. दादा आम्हाला नको ते बोलला, दोनदा घर सोडून गेला. चर्चमध्ये लोकांना कळलं, आणि आम्हाला वाटत होतं तसं कुणी हसलं नाही. उलट मागच्या बाकावरच्या एक बाई आईजवळ आल्या आणि त्यांच्या मुलाविषयी पहिल्यांदाच बोलल्या.

मग एका रात्री, दोनच्या सुमारास नव्हे तर पहाटे साडेचारला, त्यानं वडिलांचं दार वाजवलं. वडील इतक्या घाईनं उठले की सदरा उलटा घातला, आणि दवाखान्यात नावनोंदणी होईपर्यंत तो तसाच होता. दादा त्यानंतर दोनदा घसरला. दोन्ही वेळा वडिलांचं वाक्य तेच होतं आणि दारही तेच. आज तो एका मीटिंगमध्ये नव्या माणसांसाठी चहा करतो, आणि उशीर होणार असला की कामावर स्वतः फोन करतो.

चार महिने वडील झोपले नव्हते, हे आईनं फार नंतर सांगितलं. दोन वाजले की ते अंथरुणात उठून बसत आणि दाराकडे कान लावत.

अहिल्यानगर
आगमनकाळाचा पहिला रविवार